अट न घालता दिलेला होकार

युगेंडआम्टच्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की मूल परत जाईल. युगेंडआम्ट म्हणजे मुलांची जबाबदारी घेणारं इथलं सरकारी खातं. त्या बाईंनी चष्मा काढला, आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं: मुलीची आई उपचार घेतेय, ती बरी झाली की मुलगी तिच्याकडे जाईल, तोवर तुम्ही सांभाळायचं, मान्य आहे का? माझी बायको हो म्हणाली. मीही हो म्हणालो. फरक एवढाच की तिनं ते ऐकलं होतं, आणि मी तो पहिला भाव समजलो होतो.

माझ्या धंद्यात पहिला भाव कुणी खरा मानत नाही. मी खरेदी खात्यातला माणूस. नगरच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर सुरुवात केली. तिथून स्टोअरमध्ये गेलो, स्टोअरमधून पर्चेसमध्ये, मग पुण्याला, आणि शेवटी जर्मनीत वोल्फ्सबुर्गजवळच्या एका कंपनीत. ही कंपनी मोटारींचे सुटे भाग बनवते. मधल्या कुठल्याच पायरीवर मला कुणी हात दिला नाही. जे मिळालं ते समोरच्याला घाम फोडून मिळवलं. सप्लायर म्हणतो, साहेब, याच्या खाली परवडत नाही. मी पाणी पितो, खिडकीबाहेर बघतो, फाईल मिटून उठायचं नाटक करतो, आणि तो खाली येतो. जर्मन माणूस तसा नाही. तो पहिल्यांदा बोलतो तेच शेवटचं असतं. इतक्या वर्षांत हे मला ऑफिसात पक्कं कळलं होतं. घरच्या बाबतीत कळलं नाही.

आम्हाला मूल झालं नाही. पुण्यातले डॉक्टर झाले, इथले झाले, चर्चच्या मंडळीतल्या मावश्यांच्या प्रार्थना झाल्या. आमच्याकडे नवस बोलत नाहीत. आम्ही मिशनची माणसं, आमच्या आज्यानं ते सगळं सोडलं. पण मी मनातल्या मनात देवाशी तो व्यवहार केलाच होता. तू हे दे, मी ते देतो. दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, वाढवला. दारू सोडली. रविवार चुकवला नाही. माझ्या बाजूचं सगळं वेळेवर पोहोचतं केलं आणि त्याच्या बाजूनं काही आलं नाही. हा हिशेब मी कुणाला सांगितला नव्हता, पण तो मी मिटवलाही नव्हता.

२०१५च्या उन्हाळ्यात ती मुलगी आमच्या दारात आली. वर्ष-सव्वा वर्षाची असेल. एका हातात सशाचं कापडी कातडं, कारण आतला कापूस केव्हाच निघून गेला होता. पहिला आठवडाभर ती रडलीच नाही. बायको म्हणाली, "अहो, हे बरं नाही. रडत नाही म्हणजे रडून उपयोग नाही हे तिला कळलंय." मग एक दिवस तिनं स्वयंपाकघरात असा भोंगा पसरला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खाली येऊन बेल वाजवली. बायको दार उघडून हसत उभी. त्या बाईंना काही कळेना.

तिनं मला काय म्हणायचं हा मोठाच प्रश्न होता. बाबा म्हणायचं नाही, असं युगेंडआम्टनं बजावलं होतं. मामा म्हणावं तर इथं त्याचा अर्थ आई. काका म्हणावं तर इथली लहान मुलं लंगोटात जे करतात त्याला तो शब्द आहे. बायको हसून हसून खाली बसली. म्हणाली, "तुम्हाला शोभतं की." शेवटी अप्पा ठरलं. माझ्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. युगेंडआम्टच्या बाईंनी अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं, वयानं मोठ्या माणसाला म्हणतात. खोटं नव्हतं ते.

त्या शरदात गावातल्या चर्चमध्ये एर्न्टेडांक होता, म्हणजे आपला हंगामाचा सण. वेदीसमोर भोपळे, सफरचंदं, कोबी, मोठमोठे पाव रचून ठेवले होते. आमच्या नगरकडे या दिवशी उपासना संपली की चर्चच्या अंगणात लिलाव होतो. कुणी कोंबडी आणतं, कुणी ज्वारीचं पोतं, कुणी अंडी, आणि लोक ईर्ष्येनं बोली लावतात. एका दुधीसाठी दोन चुलतभाऊ वर्षभर अबोला धरतात. मी बोली बोलायला तिथंच शिकलो. तर इथं उपासना संपली, आणि छोटी एका नारिंगी भोपळ्याला मिठी मारून बसली. मी पुढं झालो आणि चर्चची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला बोली सांगितली.

तो म्हणाला, "हा गरिबांच्या अन्नछत्राला जातो."

मी बोली वाढवली.

"नाही, नाही. विकायचा नाही."

मी आणखी वाढवली. मला वाटलं, म्हातारा कसलेला आहे. तो बिचारा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी वेदीच विकत मागत होतो. तेवढ्यात पास्टोरिनबाई आल्या. गावच्या चर्चच्या या पाळक, पन्नाशीच्या, उंच, बाराही महिने सायकलवर. सगळं ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांच्या झग्याची पांढरी पट्टी वाकडी झाली. भोपळा अन्नछत्राला गेला. छोटी घरी येईपर्यंत भोपळ्याच्या नावानं रडली. मी दुसऱ्या दिवशी बाजारातून त्याहून मोठा आणला. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तर असे दिवस होते. आणि दर पंधरवड्याला तिला तिच्या आईला भेटवायला न्यावं लागायचं.

युगेंडआम्टच्या इमारतीत खेळण्यांची एक खोली होती. कोपऱ्यात त्या बाई टिपणं घेत बसायच्या. आई पंचविशीची, पूर्व जर्मनीच्या जुन्या सीमेपलीकडच्या गावातली, अंगानं काटकुळी. दारू आणि गोळ्या, दोन्ही. सुरुवातीला ती उशिरा यायची, आणि आली की पोरीला इतकं घट्ट धरायची की पोरगी अंग चोरायची. मी दाराशी खुर्चीत बसायचो आणि तिच्याकडे बघायचो. सप्लायरच्या कारखान्यात गेलो की मी मशिनं बघत नाही. संडास बघतो, कामगारांचे बूट बघतो, कोपऱ्यातला कचरा बघतो. कंपनी बुडतेय की तरतेय ते तिथं कळतं. तसंच मी तिला बघायचो. नखं कुरतडलेली. बुटांना चिखल. जॅकेटची चेन तुटकी. मला बरं वाटायचं.

मग वसंत ऋतूच्या सुमाराला एकदा आम्ही पोचलो तर ती आधीच येऊन बसली होती. बूट पुसलेले. पुढच्या वेळी नखं वाढलेली. त्याच्या पुढच्या वेळी जॅकेटला नवी चेन. युगेंडआम्टच्या बाईंच्या टिपणांत यातलं काय येत होतं मला माहीत नाही, पण मला सगळ्यांच्या आधी कळलं. ही बाई बरी होतेय. गाडीनं परतताना मी आमच्या गावाचं वळण चुकलो. मागच्या सीटवर छोटी आपलं आपण बडबडत होती, अर्धं मराठी, अर्धं जर्मन.

त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या खोलीच्या दारात उभा होतो. बायको तिला झोपवत होती. रोज झोपताना दोघी हात जोडायच्या ते मला माहीत होतं; काय मागायच्या ते मी कधी ऐकलं नव्हतं. बायको म्हणाली, "येशूबाप्पा, आईला बरं कर." छोटी म्हणाली, "आईला बलं कल." आमेन.

मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"माझ्या घरात बसून माझ्याच विरुद्ध प्रार्थना?"

"तुमच्या विरुद्ध नाही. तिच्या आईसाठी. चर्चमध्येही करतात दर रविवारी. पास्टोरिनबाई नाव न घेता मागतात. तुम्ही तेव्हा डोळे मिटून बसलेले असता, मला वाटलं तुम्हीही करता."

"मी डोळे मिटून काय मागतो ते देवाला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली. "म्हणूनच मी जरा जास्त करते."

असा राग मला आयुष्यात थोड्या वेळा आला असेल. एका घरातून दोन अर्ज गेले होते आणि माझा फेटाळला जाणार हे मला तेव्हाच दिसलं. ऑफिसात असं झालं असतं तर मी दुसऱ्या खात्याच्या माणसाला कॉलर धरून बाहेर काढलं असतं. इथं ती बाई माझी बायको होती आणि पातेलं घासत होती.

मी तरी गप्प बसणारा नाही. रजा काढून युगेंडआम्टला गेलो. म्हणालो, आठवड्याचे दिवस आमच्याकडे, शनिवार-रविवार तिच्याकडे. नाही. बरं, निम्मं निम्मं. नाही. मग वर्षभर लांबवा, बाईची खात्री होऊ द्या. त्या बाई म्हणाल्या, "आल्झो," म्हणजे तर मग, "मी तुम्हाला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं." आवाज चढवला नाही, चिडल्या नाहीत, टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. समोरचा चिडला की मला मार्ग दिसतो. न चिडणाऱ्या माणसाशी सौदा कसा करायचा हे मला अजून जमलेलं नाही. मी वकील बघितला. वकील म्हणाला, पैसे वाया घालवू नका. जर्मनीत वकीलसुद्धा पहिल्याच वाक्यात खरं बोलतो.

त्या वर्षाच्या शेवटी छोटी आईकडे गेली. भेटी आधी लांबत गेल्या, मग मुक्काम, मग एक दिवस बॅगा. बायकोनं तिचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून दिले. सशाच्या कातड्यात नवा कापूस भरून दिला. पोरगी गाडीत बसली आणि आमच्याकडे बघून खुशाल हात हलवत राहिली, कारण तिला वाटलं ती नेहमीसारखी संध्याकाळी परत येणार.

त्या रविवारी पास्टोरिनबाईंनी चर्चमध्ये देवाचे आभार मानले. एक आई बरी झाली, एक लेकरू घरी गेलं. मी मधल्या बाकावरून उठलो आणि बाहेर पडलो. दार मुद्दाम आपटलं. जुनं ओकचं दार आहे ते, त्याचा आवाज बराच वेळ राहतो.

त्यानंतर मी चर्चमध्ये गेलो नाही. पण बायकोला गाडी चालवता येत नाही आणि रविवारी गावात बस नाही, म्हणून तिला सोडायला जायचो आणि उपासना संपेपर्यंत गाडीत बसून राहायचो. काचा बंद करून मी देवाशी भांडायचो. मोठ्यानं, मराठीत, नगरच्या बाजारात भांडतात तसं. म्हणायचो, दशांश कुणी दिला? पथ्यं कुणी पाळली? जिनं पोरीला उकिरड्यासारख्या घरात टाकलं तिचं ऐकलंस आणि माझं नाही? लोक म्हणतात तूही आपला पुत्र दिलास. तू दिलास, तुझ्या मर्जीनं. माझ्याकडून काढून घेतलं. दोन्ही एक नाही, मला शिकवू नकोस. काचांवर वाफ धरायची. एकदा देखभालीच्या त्या म्हाताऱ्यानं काचेवर टकटक करून विचारलं, तब्येत ठीक आहे ना? मी म्हणालो, फोनवर आहे. त्यानं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, "जा, जा" म्हणजे बरं, बरं असं म्हणून निघून गेला.

एका रविवारी पास्टोरिनबाई स्वतः आल्या. झग्यावर कोट, डोक्यावर सायकलची टोपी. दार उघडून शेजारच्या सीटवर बसल्या. मी बोलावलं नव्हतं.

"तुमची बायको म्हणते तुम्ही चांगलं भांडता."

"तुम्ही आशेवर प्रवचन दिलंत म्हणे आज," मी म्हणालो. "आमच्या धंद्यात आशा म्हणजे काय ते सांगतो. सप्लायर लिहितो, आम्हाला आशा आहे की माल लवकरच पोचेल. हे वाक्य आलं की समजायचं, माल तयारच झालेला नाही. ज्याच्या हातात काही नसतं तो आशा देतो."

त्यांनी मान हलवली. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर.

मला वाटलं होतं त्या वाद घालतील.

मग म्हणाल्या, "आम्ही ज्याच्यावर आशा ठेवतो त्याला लोकांनी लाकडावर टांगलं होतं. मित्र पळून गेले. व्यवहार म्हणून बघितलं तर तो शुक्रवारीच बुडालेला आहे. ज्या बायका तिसऱ्या दिवशी सकाळी कबरीकडे गेल्या, त्या प्रेताला सुगंधी मसाला लावायला गेल्या होत्या. त्यांच्याकडे आशा नव्हती. त्या फक्त गेल्या." पुढं त्या म्हणाल्या, "मुलगी परत मिळेल असं मी सांगणार नाही. मिळणार नाही. आणि त्या प्रार्थनेबद्दल मी माफीही मागणार नाही."

"मागू नका," मी म्हणालो. "आणि दार हळू लावा, रबर गेलंय."

त्यांनी दार हळू लावलं. मला त्यांचा राग आला होता, पण एक गोष्ट मान्य करावी लागली. त्यांनी मला खोटा माल विकायचा प्रयत्न केला नव्हता.

घरी येताना मी बायकोला म्हणालो, "तुझ्या पाळकबाई मला आत ओढायला आल्या होत्या. सांग त्यांना, माझं आणि देवाचं संपलंय."

ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बीटचं शेत, पाऊस, पवनचक्क्या. म्हणाली, "संपलं म्हणजे कसं असतं ते मी बघितलंय की. जो सप्लायर तुमच्या मनातून उतरला त्याच्यावर तुम्ही आवाज चढवत नाही. त्याला तुम्ही गोड पत्र लिहिता, खाली 'मिट फ्रॉइंडलिशन ग्रूसन' टाकता, स्नेहपूर्वक नमस्कार, आणि त्याचं नाव परत घेत नाही. देवावर तुम्ही अजून ओरडताय. म्हणजे त्यानं काहीतरी द्यायला हवं असं वाटतंय तुम्हाला अजून."

मी गिअर बदलला. चिडलेल्या माणसाला कुणी बरोबर ओळखलं की तो जास्त चिडतो. पण पुढचे कितीतरी दिवस ते वाक्य माझ्याबरोबर ऑफिसात आलं. एका सप्लायरला नम्र नकाराचं पत्र लिहिताना शेवटच्या ओळीवर माझं बोट थांबलं. खरंच होतं ते. ज्यांच्यावर मी ओरडत होतो ते सगळे अजून माझ्या यादीत होते.

वर्षभरानं, मार्चमध्ये, पोरीची आई आमच्या दारात उभी राहिली. एकटीच. बायकोनं तिला आत घेतलं, चहा ठेवला, आलं किसलं. मी पेपर वाचत बसलो. पेपर जर्मन होता आणि उलटा नव्हता, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल.

तिनं सांगितलं की मुलीचा बाप्तिस्मा करायचा आहे. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुणी चर्चची पायरी चढलेलं नव्हतं. पास्टोरिनबाई क्लिनिकमध्ये तिला भेटायला जायच्या आणि त्यांच्याकडून तिला कळलं होतं, की एका गावात माणसं दर रविवारी तिच्यासाठी मागणं करतात. "त्याआधी माझ्यासाठी कुणी काही मागितलं नव्हतं," ती म्हणाली. "सरकारी वकिलानं शिक्षा मागितली, तेवढी सोडून." आणि बाप्तिस्म्याला पाटे लागतात, म्हणजे आपल्याकडचे धर्मपिता-धर्ममाता. ती जागा तिला आम्हाला द्यायची होती.

"मी मागितलं नव्हतं तुमच्यासाठी," मी पेपरच्या मागून म्हणालो.

बायको म्हणाली, "अहो."

"खरं ते सांगितलेलं बरं. ही मागत होती. मी नाही."

"मला माहीत आहे," ती मुलगी म्हणाली. मुलगीच ती, माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकीएवढी. "तुम्ही दाराशी बसायचात आणि दर वेळी माझ्या बुटांकडे बघायचात. सगळे माझ्याशी गोड बोलायचे. क्लिनिकमध्ये, युगेंडआम्टमध्ये, सगळीकडे. छान चाललंय, शाब्बास. तुमचा चेहरा बघून मला खरं कळायचं. म्हणून मी बूट पुसायला लागले. आधी बूटच. बाकीचं नंतर."

मी पेपर खाली ठेवला.

"मी परत घसरले तर सगळ्यात आधी तुम्हाला दिसेल," ती म्हणाली. "माझी इच्छा आहे की तिच्याजवळ असा एक माणूस असावा."

मला काय वाटलं ते सांगतो. मला संताप आला. मी ज्या नजरेनं तिला हरवायला निघालो होतो, तीच नजर देवानं उचलून तिच्या कामाला लावली होती, आणि मला विचारलंही नव्हतं. माझ्या खात्यात कुणी माझा माल न सांगता दुसऱ्याच्या ऑर्डरला लावला असता तर मी त्याची नोकरी घालवली असती. आणि वर ही मला पहारेकरी नेमायला आली होती. मी कामाची गोष्ट विचारली. पाट्याला हक्क काय? भेटीचे दिवस किती? सुट्टीत मुलगी आमच्याकडे येईल का? तिला काही झालं तर कोर्टात आमचं ऐकतील का?

"हक्क काही नाही," ती म्हणाली. "मी विचारलं होतं पास्टोरिनबाईंना. फक्त वचन असतं."

"मग अशावर कोण सही करतं?"

तिनं खांदे उडवले. तिचा चहा गार झाला होता, तरी तिनं तो संपवला, आणि कप स्वतः विसळून ठेवला. ती गेल्यावर बायकोनं रात्रीच्या जेवणाला पिठलं केलं आणि तिखट जरा जास्त टाकलं.

बाप्तिस्मा ईस्टरनंतरच्या एका रविवारी ठरला. मी त्या दिवशी चर्चमध्ये गेलो ते मनाशी काहीही न ठरवता. ओकच्या दारातून आत गेल्यावर पास्टोरिनबाईंना बाजूला घेऊन म्हणालो, वचनात एखादी ओळ माझ्याकडून घालता येईल का? महिन्यातून एक शनिवार, एवढंच.

त्या म्हणाल्या, "तुमच्या आधी बऱ्याच लोकांनी प्रयत्न केलाय."

मुलगी निळ्या झग्यात होती, केस दोन्ही बाजूंना बांधलेले. चारला टेकली असावी. ती आईच्या मागं लपून माझ्याकडे बघत होती, जसं मूल अनोळखी कुत्र्याकडे बघतं. भ्यायली नव्हती, पण जवळ यायला तयार नव्हती. बायकोनं हाक मारली, ती आली नाही. त्या क्षणी मला घरी जायचं होतं.

पाण्याच्या दगडी पात्राशी आम्ही उभे राहिलो. पास्टोरिनबाईंनी आम्हाला विचारलं: या मुलीसाठी तुम्ही प्रार्थना कराल का, तिला विश्वासाची वाट दाखवाल का, तिच्या अडचणीत तिच्याजवळ उभे राहाल का? बायकोनं लगेच उत्तर दिलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सौद्यात गप्प राहणारा जिंकतो. मी गप्प राहिलो. गप्प राहून मी हिशेब करत होतो: माझ्याकडून सगळं जातंय, माझ्याकडे काहीच येत नाहीये, मुदत नाही, दंड नाही, बाहेर पडायचा रस्ता नाही. असला करार कुणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि तेव्हा मला दिसलं की वेदीच्या वर ज्याला टांगलेलं आहे, त्यानं नेमका हाच करार केला होता, आणि मी इतकी वर्षं त्याच्याशी भाव करत होतो. सांगायला बरं वाटतं, पण त्यानं माझा राग गेला नाही. उलट वाढला, कारण आता मला नाही म्हणायला जागा उरली नव्हती. पोरीच्या आईनं तिचा हात धरला होता आणि ती माझ्या बुटांकडे बघत होती. तिला वाटत होतं मी नाही म्हणेन. तिला मी नाही म्हणेन असं वाटणं मला सहन झालं नाही.

"हो," मी म्हणालो. "देवाच्या साहाय्यानं." इथं असंच म्हणतात. माझा आवाज गरजेपेक्षा मोठा आला.

नंतर गेमाइंडेहाउसमध्ये, म्हणजे चर्चच्या सभागृहात, कॉफी आणि केक होता. म्हाताऱ्या बायका थर्मास फिरवत होत्या. बायको आणि पोरीची आई खिडकीशी बोलत उभ्या होत्या. मी एका कोपऱ्यात प्लेट घेऊन बसलो होतो. मुलगी सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत माझ्यासमोर येऊन थांबली. केस अजून ओले होते.

"तू कोण आहेस?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

जेमतेम दीड वर्षापूर्वी या पोरीला मी मांडीवर घेऊन मऊ भात भरवला होता.

"मी तुझा पाटे."

"म्हणजे काय?"

मी जर्मनमध्ये सांगायला गेलो आणि मला शब्द सुचेनात. वैतागून मी खुर्ची ओढली आणि मराठीत म्हणालो, "बस इथं. सांगतो."

ती बसली. तिला मी आठवत नव्हतो, पण ती भाषा आठवली होती. ती खुर्चीवर चढली, पाय हलवायला लागली आणि माझ्या प्लेटमधल्या केकवरची चेरी उचलून तोंडात टाकून वाट बघत राहिली.

एवढं शिल्लक ठेवायचं होतंस तर आधी सांगायला तुला काय झालं होतं, असं मी देवाला तिथंच विचारलं, उरलेला केक चावता चावता.